तिसरा पुकारा

रविवार, ४ मे

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी तिचं नाव वाचलं आणि माझ्या आयुष्याचे दोन तुकडे झाले. लग्नाचा पहिला पुकारा — तिचा आणि त्या औषधकंपनीवाल्याचा! तीन रविवार वाचायचा, कुणाची हरकत असेल त्याने उठून सांगायची. ती ऑर्गनवर, पाठ माझ्याकडे. मी मागे, साउंडच्या टेबलाशी. दोन वर्षं तिच्या ऑर्गनचा आवाज मीच वरखाली करतोय, आणि मला हे माईकवरून कळावं.

एवढंच असतं तर रडून मोकळा झालो असतो. उपासना संपल्यावर साहेब कॉलरचा माईक बंद करायला विसरले. नेहमीच विसरतात, स्पीकरचा आवाज मीच बंद करतो. पण हेडफोन कानावर होते. आतल्या खोलीत नवऱ्या मुलाचा बाप — "पहिल्या बायकोपासूनचा घटस्फोट महिन्याभरात होईल. तोवर बोभाटा नको."

साहेब — "मुलीला तुम्हीच सांगा. मी काही ऐकलं नाही."

मी ऐकलं.

सोमवार, ५ मे

आत्याला सांगितलं. इस्त्री न थांबवता म्हणाली, "आणि मुलगा धुतल्या तांदळासारखा असता, तर गप्प बसला असतास?"

"नाही."

"मग तुझी हरकत कोण ऐकणार, प्रेमवीरा?"

बुधवार, ७ मे

बायबल उघडलं. एकीकडे — ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तू तोंड उघड. दुसरीकडे — वाईट काळात शहाणा गप्प राहतो. मूर्खाला उत्तर देऊ नको. लगेच खालच्या ओळीत, दे! देवा, काहीतरी एक ठरव ना.

रविवार, ११ मे

दुसरा पुकारा. अर्धा उठलो. बसलो.

गुरुवार, १५ मे

साहेबांकडे गेलो, ऐकलेलं सांगितलं. ते दचकलेच नाहीत, याचाच धक्का बसला. "ते लोक तिला सांगणार आहेत. तू मध्ये पडू नकोस. शहाणा गप्प राहतो."

तेच वचन! म्हणजे तेही शोधत बसले होते.

मागे एकदा भर वर्गात प्राध्यापकाला लबाड म्हणालो होतो. होताच तो. तरी कॉलेज माझंच सुटलं. बोलतो ते मला हवं म्हणून, की खरं म्हणून — मलाच कळत नाही. या वेळी तोंड उघडायचं नाही. ते सांगतील तिला.

रविवार, १८ मे

तिसरा पुकारा. "कुणाची हरकत?" सगळे गप्प. मीही.

ऑर्गनवरून ती उठली. "माझी आहे. माझं लग्न ठरलंय त्यांची बायको काल माझ्या घरी येऊन गेली." कुणी हललं नाही. "इथे कुणाकुणाला माहीत होतं?"

साहेबांनी डोळे मिटले. ती वळली, थेट माझ्याकडे. "तुला?"

मान हलवली. होकाराची.

मी हेडफोन काढून ठेवले, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.