सासूबाईंच्या तावडीत माझा मणका

११ फेब्रुवारी २००८
मणक्याचं ऑपरेशन झालं! टाका म्हणे बोटभरच! दुपारी चारला नर्स म्हणते, "काका, उठा, चालायचंय." आजच? "आजच!" चार पावलं टाकली, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच उजव्या पायात कळ नव्हती. भर वॉर्डात रडलो.

१२ फेब्रुवारी
घरी सोडलं. डॉक्टरांनी बजावलंय — वाकू नका, पण रोज चाला. पडून राहिलात तर पाठ आखडेल. सोमवारी चालून दाखवायचं, मगच एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ड्यूटी.
घरी चांदवडहून सासूबाई हजर! डिंकाचे लाडू, ओवा, गोधडी. "जावईबापू, मणका कापलाय. सव्वा महिना हलायचं नाय!"
सव्वा महिना? मी काय बाळंत झालोय?

१३ फेब्रुवारी
शुभांगी शाळेत शिकवायला गेली की मी सासूबाईंच्या हाती सापडतो. कानाला फडकं. खाटेखाली ओव्याची धुरी. अळिवाची खीर. "वारा लागंल, खिडकी लावा."
शुभांगीला सांगितलं. म्हणते, "तुम्हीच सांगा आईला." वा रे बायको!

१४ फेब्रुवारी
युक्ती सापडली! पोट बिघडलंय म्हणालो. खाट ते संडास — अकरा फेऱ्या! खीरही बंद. दिवसभर दहीभात.

१५ फेब्रुवारी
कामावरचे खंडेराव भेटायला आले. फडकं पाहिलं, धुरी हुंगली. "मुलगा की मुलगी?" म्हणाले. हलकट!

१६ फेब्रुवारी
पकडला गेलो. गॅलरीत झपाझप चालत होतो. वाटलं, आता बोलणी बसणार. पण बाई मटकन खालीच बसल्या. "आयुष्याचं दुखणं घ्याल अंगावर," एवढंच म्हणाल्या. फार ओशाळलो. मुकाट्याने आडवा झालो.

१७ फेब्रुवारी
दिवसभर पडून. पाठ लाकूड झाली. उद्या काय दाखवू, कपाळ?

१८ फेब्रुवारी
सासूबाईंना हट्टाने सोबत नेलं. डॉक्टरांनीच समजावलं त्यांना — चालल्यानेच बरे होतील. मग मी चालून दाखवलं. आधी अवघडलो, मग जमलं! पुढच्या सोमवारपासून ड्यूटी!
सासूबाई खुर्चीतून उठेनात. हळूच डॉक्टरांना म्हणाल्या, "माझी बी पाठ बघता का? शुभांगी झाली तवा पाचव्या दिशी कांद्याच्या वावरात गेले. मला कुणी झोपूच दिलं नाय."