तोंड नसलेला डबा

आप्पा, तुम्ही गेल्यावर ह्या व्हिडिओ गेमवाल्या कंपन्यांनी जे धंदे केलेत ते बघून तुम्ही एक सणसणीत शिवी हासडली असती. तुम्ही नाही, म्हणून मीच देत असते.

विश्रामबागेतलं आपलं दुकान मी अजून चालवते. तुमच्या वेळी टीव्हीपुढं गेम खेळायचे दोन डबे आणि तासावर खेळणारी कॉलेजची पोरं. मग कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या. खेळून झालेली सीडी आणून द्यायची, वर थोडं देऊन दुसरी न्यायची, ही अदलाबदल मी सुरू केली. त्यावरच घर चाललं. तेव्हा कंपन्या एकमेकींच्या नरडीला लागलेल्या. डबा स्वस्तात द्यायचा, खेळावर उकळायचं, आणि आमचा खेळ फक्त आमच्याच डब्यात. त्यापायी माझ्या दुकानात पोरांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्यात. आता त्यातलीच एक आपले खेळ दुसरीच्या डब्यासाठी विकते. तुम्ही कुस्तीतले, तुम्हाला काय सांगायचं? पैलवान आतून मिळालेले, आणि फेटे उडवणारे येडे आपण. नुरा कुस्ती नुसती.

परवा एजन्सीचा माणूस नवा डबा घेऊन आला. मी उलटापालटा करून पाहिला.

"सीडी कुठनं घालायची?"

"सीडी नाहीच मावशी. खेळ इंटरनेटवरनं उतरतो. महिन्याचं भाडं भरा, पाहिजे तेवढे खेळा."

"आन् खेळून झाल्यावर दुसऱ्याला कसा द्यायचा?"

"द्यायचा नाही. ज्याचा त्यानं घ्यायचा."

"मग माझ्या फडताळभर सीड्यांचं काय करू? बंबात घालू?"

"जमाना बदलला, मावशी."

"जमान्याला नावं ठेवू नगंस. ह्यो डबा ठेवला तर माझं दुकान बसतंय, न्हाई ठेवला तर गिऱ्हाईक जातंय. लय शाणे हायसा तुमी."

तो डबा ठेवून गेला. दसऱ्यानंतर येतो म्हणाला.

मला ती खंडेनवमी आठवते. तुम्ही औंधाहून यमाईचं कुंकू आणलेलं. पकड, स्क्रूड्रायव्हर, दोन्ही डबे पाटावर मांडलेत. तुम्ही चिमूट घेता आणि सरळ डब्याच्या कॅसेट घालायच्या तोंडात सोडता. आई म्हणते, "आवं, काय करताय?" तुम्ही म्हणता, "जितनं पोट भरतं तितं लावायचं." दुसऱ्या दिवशी सुट्टी, पोरांची रांग, आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या. तुम्ही दात घासायच्या ब्रशानं कुंकू खरवडताय आणि पोरं म्हणतायत, "देवी पावली गड्या, डबा लालेलाल."

आज खंडेनवमी. तुमचा जुना डबा पुसून मांडला, सीड्यांची एक चळत मांडली. नवा डबा मी कोपऱ्यात ढकललेला. सकाळपासून तिघं आले, तिघांनी त्याचीच चौकशी केली. सीड्यांकडं कुणी मान वळवली नाही. मग आणला ओढून. कुंकवाचं बोट घेऊन चारी अंगांनी फिरवला. तोंडच नाही मेल्याला. शेवटी कपाळावर लावलं, असेल तिथं.

हे लिहून तुमच्या फोटोच्या मागं ठेवणार होते. नाही ठेवत. पाटावर जागा नव्हती, तुमचा फोटो मी त्या नव्या डब्यालाच टेकवलाय.