भिंतीची ऊब

प्रिय ताई,
इथूनच वाकून नमस्कार.

मला थंडी वाजत नाही. माझा कॉम्प्युटर बॉयलरच्या भिंतीला लागूनच आहे. बॉयलरच्या दाबाचे आकडे मी ऑप्टिकल डिस्कवर उतरवतो. ती यंत्रातून काढता येते, पण लेझरने लिहिलेलं पुसता येत नाही.

काल साहेब म्हणाले, "एवढा दाब? पूस ते."

"पुसलं जात नाही, साहेब."

"मग नवी डिस्क घाल, नेहमीचे आकडे लिही. जुनी इकडे दे. तपासनिसांना घाबरवायचंय का?"

दिली. बॉयलर तसाच चालू आहे. आज भिंतीवर हात ठेववेना.

आईचा गुडघा कसा आहे? धाकट्यासाठी जागा विचारली होतीस. माझ्या शेजारचीच रिकामी आहे. त्याला पाठवू नकोस.

आईला उबेचं तेवढं सांग.

तुझा भाऊ