मजल्यामजल्याचे हार

डिलाईल रोड, मुंबई
ता. १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

विहंगचा नमस्कार. भाऊजींनाही सांग, आणि मनवाला माझ्याकडून एक पापा. अप्पा बरे आहेत. गुडघा कुरकुरतो, पण सकाळी खारी आणायला स्वतःच खाली उतरतात.

फोन न करता पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. घर एका खोलीचं, बोललेलं सगळं अप्पांच्या कानावर जातं. शिवाय लिहिताना चुकलं तर खोडता येतं.

ऑपरेशनचं लपवून अप्पांना मी जर्मनीत बोर्ड रंगवायची नोकरी लागली असं सांगितलं, ते तुला पटलं नव्हतं. पण तू चिपळूणला, त्यांचं बोलणं तुझ्या कानावर येत नाही. "मानेला काय धाड भरलीय? मोबाइल खाली ठेव." परळच्या दोन्ही डॉक्टरांनी सरळ झोपवून स्कॅन काढला, काही निघालं नाही, तेव्हापासून त्यांच्या लेखी माझं दुखणं म्हणजे कामचुकारपणा. दादरच्या डॉक्टरबाईंनी मान वळवून पुन्हा काढला तेव्हा दिसलं, की डोक्यातून रक्त खाली आणणारी शीर कानामागचं बारीक हाड आणि मानेचा मणका यांच्यात चेपतेय. हे सांगितलं असतं तर अप्पा म्हणाले असते, कानामागे हाड सगळ्यांनाच असतं.

नोकरीचं मात्र त्यांनी दुधवाल्यापासून सगळ्यांना सांगितलं. मग मंडळाच्या तात्यांनी सत्कार ठरवला. चाळीचा फळा मीच लिहितो, तेव्हा माझ्या सत्काराची सूचनाही मलाच लिहावी लागली. आदल्या दिवशी त्यावर कमळाबाईंच्या निधनाची सूचना होती. ओलं फडकं दोनदा मारलं, तरी माझ्या नावामागे 'दुःखद' पुसट दिसतच राहिलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

रविवारी अंगणात खुर्च्या मांडल्या. तात्यांनी फेटा आवळून बांधला. मग प्रत्येक मजल्याचा एक हार, झेंडूचे, हे जाडजूड. फोटो होईपर्यंत काढायचा नाही, नाहीतर त्या मजल्याचा अपमान.

शेजारचा राजेश म्हणाला, "तात्या, बस करा, पोरगं दिसेना."

"पोरगं काय, रोजच दिसतं! हार दिसायला हवेत. मजल्यामजल्याचं नाव आहे. विहंग, हस की! जर्मनीत फुकट हसायला मिळणार नाही."

सगळे हसले. मीही हसलो. मग मी अप्पांच्या पाया पडायला वाकलो. कानात घसघस सुरू झाली, वाढत गेली आणि समोरचं सगळं काळं झालं. अप्पांची चप्पल हाताला लागत होती, दिसत नव्हती. उठता येईना. तात्यांनी माइकवर सांगितलं, "बघा, पोराला भरून आलं!" टाळ्या पडल्या.

अप्पांनी मला खांद्याला धरून उठवलं. कानाशी म्हणाले, "माझंच चुकलं रे. तुला आळशी म्हणत होतो." ते रडत होते, ताई. त्यांना तेव्हा खरं कसं सांगू? मी हार तसेच ठेवले आणि फोटोला उभा राहिलो.

इथपर्यंत तुला गंमत म्हणून लिहायचं ठरवलं होतं, पुढचं लिहायचं नव्हतं.

डाव्या डोळ्याला कडेने अजून दिसत नाही. ओळ सरळ यावी म्हणून कागद तिरका धरून लिहितोय. सोमवारी डॉक्टरबाईंनी परत स्कॅन काढला. डावी शीर आता पूर्ण बंद आहे, आत रक्ताची गाठ झालीय. डोक्यातलं सगळं रक्त उजवीकडून उतरतंय, आणि तीही चेपलेलीच आहे. बाईंनी माझ्यासमोरच जर्मनीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, ऑपरेशनला डिसेंबरच्या तारखेपर्यंत थांबू नका. म्हणून परवा शुक्रवारी निघतोय, ऑपरेशन मंगळवारी. ज्या बाजूने मी जिवंत आहे तीच बाजू ते उघडणार.

तू म्हणशील मी येते. तुला इतक्यात व्हिसा मिळणार नाही. तू पैसे उभे केलेस, तेच पुष्कळ झालं.

आता मुख्य काम. तिथे जवळचं माणूस म्हणून मी तुझं नाव दिलंय, तुला न विचारता. मध्येच उजवी शीर बंद पडली तर डावी बाजूही लगेच उघडावी लागेल. त्यातून मी बोलू शकेन, चालू शकेन, याची खात्री ते देत नाहीत. थांबलं तर मी उठणारच नाही. अशा वेळी ते तुला फोन करून विचारतील. 'करा' म्हण. मी नववीपर्यंतच शिकलो, पण हे नीट समजून लिहितोय. नंतर मला कोणत्याही अवस्थेत बघावं लागलं, तरी तो शब्द माझा होता, तुझा नव्हे.

अप्पांना बुधवारी सांग, आधी नको. सांगताना जवळ बस, आणि सत्काराबद्दल त्यांना लाज वाटू देऊ नकोस. तो मला आवडला होता.

मंगळवारी तू बँकेत असशील. परदेशाचा लांबलचक नंबर दिसेल. अनोळखी फोन तू घेत नाहीस, हे मला माहीत आहे. तेवढा एक घे.

तुझ्या 'करा'वर भरवसा ठेवून झोपणारा,
विहंग