बोलायचं तुम्हीच

ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा वाकून नमस्कार. वि. वि.

परवा सकाळी मी लवकर उठलो, देवापुढे जरा जास्त वेळ बसलो, इस्त्रीचा सदरा घातला आणि कोर्टाचं दार उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन उभा राहिलो. भिंगरीच्या आईकडून वकील होते, माझ्याकडून मीच. वकील काहीतरी भराभर वाचत गेले. न्यायाधीश साहेबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, की हे मान्य आहे का. मी हात जोडून जी म्हणालो. त्यांनी पुन्हा काही विचारलं, मी पुन्हा जी म्हणालो. आपल्या गावच्या शाळेत मास्तरांनी काही विचारलं की दुसरं उत्तर असायचं का?

बाहेर आल्यावर हुकुमाचा कागद हातात पडला, तेव्हा कळलं मी कशाला जी म्हणालो ते. भिंगरी आईकडे राहणार, आणि मी माझ्या लेकीला महिन्यातून एका शनिवारी, कोर्टाच्याच भेटीच्या खोलीत, तासभर भेटायचं. पुढच्या तारखेला मी हरकत घेतली नाही तर हेच कायम होणार.

तिच्या आईला बोल लावू नकोस. आमचं दोघांचं जमलं नाही, एवढंच. जिना उतरताना ती थांबली आणि माझी कंबर कशी आहे ते विचारून गेली. तेवढ्यासाठीही मी देवाचे आभार मानले.

भावोजींना नमस्कार. तुझी माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. १३ फेब्रुवारी

चि. मौनीबाबास,
ताईचे पोटभर आशीर्वाद, आणि पाठोपाठ एक धपाटा.

फोनवर तू नुसता हं हं करतोस, म्हणून लिहायला बसले. अरे, कोर्टात गेला होतास की देवळात? हात जोडून काय उभा राहतोस! लहानपणी शेजारच्या काकूंची काच फुटली, त्यांनी तूच फोडलीस ना म्हणून दरडावलं, आणि तू न फोडता मान डोलावलीस. मार तू खाल्लास, फोडणारी मी. तेव्हा हसू आलं होतं, आता येत नाही.

तुझे भावोजी म्हणतात वकील कर. मी म्हणते चांगला खमक्या कर. आणि एक गोष्ट ध्यानात ठेव. मंगळवारी आणि गुरुवारी त्या बाईची हॉस्पिटलात दुपारपाळी असते, आणि पोर शाळेतून येऊन आई परतेपर्यंत शेजाऱ्यांच्या दारात बसून राहते. मला भिंगरीनेच सांगितलं. हे एकदा कोर्टात बोल, मग बघ कशी तिची बोलती बंद होते.

वेळेवर जेव. रागावले तरी माझा जीव तुझ्यापाशीच आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
ताई

ता. २ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार. धपाटा पोचला.

दोन वकिलांकडे जाऊन आलो. त्यांची फी माझ्यासारख्या शिलाई मशिनी दुरुस्त करणाऱ्याने ऐकावी आणि खाली मान घालून परत यावं अशी. पण माझ्या एका शिंपीणबाईंनी वाचनालयाच्या मागच्या खोलीचा पत्ता दिला. तिथे शनिवारी एक वकीलबाई बसतात. आपला खटला आपणच चालवणाऱ्यांना त्या शिकवतात. एका मशीनला तेलपाणी करायचं मी जेवढं घेतो, जवळपास तेवढंच त्या एका बैठकीचं घेतात. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, की कोर्टात मी येणार नाही, बोलायचं तुम्हीच.

शिकवण्याची तऱ्हा ऐक. हुकुमातलं एकेक वाक्य त्या वाचतात, आणि मी ते माझ्या शब्दांत सांगेपर्यंत पुढे सरकत नाहीत. मग त्या उंच खुर्चीत बसून न्यायाधीश होतात आणि बाकावर थांबलेल्यांपैकी कुणालातरी समोरचा वकील करतात. गेल्या शनिवारी माझ्यावर एक आचारी सोडला होता. त्याचाही बायकोशी खटला चालू आहे. पण गडी असा काही तुटून पडला, की मला घाम फुटला, आणि नंतर त्यानेच मला पाणी आणून दिलं. माझे हात सारखे जुळायचे, तर बाईंनी दोन्ही हातांत एकेक पेन्सिल धरायला लावली. म्हणाल्या, आदर आवाजात असू द्या, हातांत नको.

मग भिंगरीचा आठवडा विचारला. तिला कोण उठवतं, वेणी कोण घालतं, शाळा सुटल्यावर ती कुठे असते. मी तुझी दुपारपाळीची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे विचारलं, की त्या दोन दुपारी तुम्ही कुठे असता. मी म्हणालो, दुकानात, शाळेच्या मागच्याच गल्लीत. तर म्हणाल्या, मग हे तुम्ही आईवरचा आरोप म्हणून सांगणार, की मुलीची सोय म्हणून?

आणि खरी गाठ वेगळीच आहे, ताई. मी जी म्हणून बसलो आहे. भर कोर्टात दिलेला शब्द फिरवायचा कसा? हेही बाईंना बोलून दाखवलं. त्या हसल्या नाहीत. फक्त विचारलं, की त्या शब्दात भिंगरीचाही वेळ होता, तो देताना तिला विचारलं होतं का.

तेव्हापासून मशिनीत दोरा ओवतानाही हात मध्येच थांबतो. अजून माझं ठरत नाही. तुझा विश्वास तेवढा पाठीशी राहू दे.

तुझा,
धाकटा

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पोहायला शिकवणारी स्वतः काठावरच बसणार, हे वाचून आधी मी कपाळावर हात मारला. मग पत्र तुझ्या भावोजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, कुणी माझ्या अंगावर दगड टाकला तर मीही दगडच शोधीन, पण कुणी ओझ्याला हात लावला तर त्याच्याशी भांडू कसा? लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलले. तेव्हा मी लिहिलेलं ते बोलती बंद करण्याचं सोडून दे. मी रागात होते.

पण शब्दाचं मात्र माझं ऐक. रोज सकाळी डोळे मिटून देवाकडे तू काही ना काही मागतोसच. मग माणसाजवळ मागताना जीभ का जड होते? तो आचारी मला भारी आवडला. त्याचंही भलं होवो.

तारखेला मी इथून तुझ्याकडेच लक्ष लावून बसेन.

तुझी,
ताई

ता. २५ मार्च

ती. ताईस,
तुझ्या धाकट्याचा, आणि शेजारी बसून गणितं सोडवणाऱ्या भिंगरीचा नमस्कार.

हो, भिंगरीचा! आज मंगळवार. मंगळवारी आणि गुरुवारी शाळा सुटल्यापासून आईची पाळी संपेपर्यंत ती माझ्याकडे, आणि रविवार अख्खा माझा. साहेबांनी तसा हुकूम केला. दोऱ्याच्या बॉबिनी रंगांप्रमाणे लावून झाल्या, आता गणिताशी भांडण चालू आहे. आत्याने कबूल केलेली चित्रं कधी येणार, असं विचारते आहे.

कुणाकुणाचे आभार मानू? मी दोन दुपारींचं बोललो तेव्हा समोरचे वकील तावातावाने उठले, पण भिंगरीच्या आईने त्यांना थांबवलं आणि स्वतः उभी राहिली. म्हणाली, की त्या दोन दिवशी कामात माझं चित्त नसतं, तिचे बाबा सांभाळणार असतील तर मला हवंच आहे, फक्त ते असं कधी म्हणालेच नाहीत. खरंच होतं ते. बाहेर आल्यावर मी तिचे आभार मानले. तिने भिंगरीचा स्वेटर माझ्या हाती दिला, आणि ती विसरते, लक्ष ठेवा म्हणाली.

वकीलबाईंना सांगायला शनिवारी गेलो. त्या एका रडवेल्या बाईंना हुकूम समजावत होत्या. मला पाहून नुसती मान हलवली आणि बाकाकडे बोट केलं. आचाऱ्याची तारीख जवळ आली आहे, त्याला समोरचा वकील हवा होता. मी झालो. माझ्याकडून जमेल तेवढा कडक झालो.

आता तू ज्याची वाट पाहते आहेस ते. साहेबांनी मागचा हुकूम पुढे ओढला आणि तोच प्रश्न केला, की हे असंच कायम ठेवणं मान्य आहे का. ताई, तोंडाशी जीच आलं होतं. मी मनात देवाचं नाव घेतलं. हात खाली सोडले. म्हणालो, की साहेब, मागच्या वेळी मी न समजता हो म्हणालो, ती चूक माझी. पण तो वेळ माझ्या एकट्याचा नव्हता. आज माझं उत्तर नाही असं आहे.

तुझ्या मायेत राहिलेला,
धाकटा