तू चाखलेली साके

माय,

सुरतेत लिंबायतच्या आपल्या त्या एका खोलीत मी दारूची बाटली आणली होती, ते आज लिहून काढावंसं वाटलं. आबा दारूनंच गेले. त्यानंतर आपल्या घरात तिचं नावही निघत नव्हतं. नव्वदच्या दशकातली ती वर्षं. मी पलसाण्याला, कापड रंगवायच्या मिलमध्ये, लॅबात नुकतीच लागले होते. तिथे नवं मशीन बसवायला एक जपानी इंजिनिअर आला होता. पन्नाशीचा, हडकुळा, कमी बोलणारा. कँटीनचं तिखट खाऊन आठवड्याभरात त्याचं पोट बिघडलं. मी घरी सहज बोलले, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्याबरोबर तू त्याचाही डबा द्यायला लागलीस. मऊ भात, मुगाचं वरण, नावाला मीठ. "परका मानूस शे, उपाशी कसा ऱ्हाई?" एवढंच म्हणालीस. दीड महिना तू हे केलंस. तो रोज डबा घासून, पुसून परत द्यायचा.

जायच्या दोन दिवस आधी त्यानं कापडात गुंडाळलेली बाटली माझ्यापुढे धरली. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "तुमच्या आईसाठी. आमच्या गावची साके. माझा थोरला भाऊ हिवाळ्यात तिच्यासाठी तांदूळ वाफवतो." गुजरातेत दारूबंदी; परदेशी म्हणून त्याच्याकडे परवाना होता, आपल्याकडे कुठला? पण दोन्ही हातांनी पुढे केलेली वस्तू नाकारायला मला जमलं नाही. रिक्षात मी ती ओढणीखाली धरून बसले. पोलीस दिसला की ओढणी आणखी पुढे ओढायचे, आणि पोलिसापेक्षा तुझी भीती जास्त. खाडीच्या पुलावर रिक्षा थांबवून फेकून द्यावी, असं दोनदा मनात आलं.

तू भाकरी थापत होतीस. बाटली स्टोव्हशेजारी ठेवून मी सगळं सांगून टाकलं, वर म्हणाले, "आत्ताच मोरीत ओतते."

तू तवा उतरवलास. "कशानी शे?"

"तांदळाची."

"मंग थांब. कोनी तरी मेहनत करीसन बनाडेल शे. चाखाशिवाय फेकानी नही."

तू हात धुतलेस, चमचा घेतलास, बाटली उघडून डोळे मिटून नुसता वास घेतलास. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू भिजवले की गल्लीतल्या बायका चिकाची वाटी घेऊन तुझ्याकडेच यायच्या. आंबटपणा पुरेसा चढलाय, की अजून एक दिवस थांबायचं, हे तू जिभेच्या टोकावर ठेवून सांगायचीस. तसाच तू चमचाभर घोट जिभेवर धरलास. मी दाराला कडी लावून उभी.

"पहिलं तांदूय धुवाना पानीगत लागस," तू म्हणालीस. मग थांबून, "मंग पिकेल केळाना वास येस. आनि शेवटले बारीकसं कडू, काकडीना देठगत." चमचा खाली ठेवलास. "तुना बापना तोंडले असा वास कधीच नव्हता."

त्या बोलण्यात राग नव्हता. ज्या गोष्टीनं तुझा संसार नासला, तिलाही तू आधी चाखून पाहिलंस आणि चांगलं होतं तेवढं चांगलं म्हणालीस. मग झाकण लावलंस. "चांगली शे. पन आपला घरमा ऱ्हावानी नही. त्याले परत दे. आनि चव कशी लागनी ते नीट सांग."

परत आलेली बाटली पाहून त्याचा चेहरा उतरला. मी तुझे शब्द जमतील तसे इंग्रजीत सांगायला लागले, तेव्हा त्यानं वही काढली. काकडीच्या देठाशी तो अडला. मी कँटीनमधून काकडी आणून देठ त्याला चावायला दिला. चावून तो हसला, दीड महिन्यात पहिल्यांदाच. म्हणाला, "तो कडूपणा बनवणारे मुद्दाम राखतात, जेवणाबरोबर प्यायची असते म्हणून. आमच्या गावातही फार थोड्यांना तो ओळखता येतो. तुमच्या आई हे कुठे शिकल्या?"

"घरी," मी म्हणाले. त्या दिवशी मला तुझा केवढा अभिमान वाटला होता.

पुढे त्याच लॅबची मी प्रमुख झाले. ज्यांच्याशी माझं मुळीच पटत नव्हतं, त्यांच्याही हातचा रंग मी आधी उजेडात धरून नीट पाहिला, मगच बोलले. हे तुझ्याकडून आलं. तू होतीस तोवर ते तुला सांगायचं राहून गेलं.

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून आणखी एक लिहिते. बाटली परत करण्याआधी, लॅबात कुणी यायच्या आत, मी झाकणभर प्यायले. मला ना तांदूळ कळला, ना केळं. आबा आठवले, न प्यायलेले, मला सायकलच्या दांडीवर बसवून शेजारच्या गोडादऱ्याला नेणारे. मी तोंड धुतलं आणि कामाला लागले. तुझ्यासमोर त्यांची आठवण काढायला मी कायम घाबरले, माय. उगाच घाबरले. त्यांच्यातलं चांगलंही तू चांगलंच म्हणाली असतीस.