पिवळ्या दारामागची किल्ली

४ मे

कुलूप! गढीला आकड्यांचं कुलूप! नवंकोरं, चकचकीत. आठशे वर्षांच्या भिंतीवर शोभतंय अगदी — म्हशीच्या नाकात हिऱ्याची चमकी तशी.

दुपारी क्लूनाराच्या वळणावर गाडी थांबवली, ती दोन जर्मन पावसात भिजत उभे दिसले म्हणून. नवरा-बायको. फिंटन मलार्कीच्या कुरणात, गुडघाभर गवतात. दोघांचे हात वर, हातांत फोन — जणू सूर्याला अर्घ्य देतायत. कुलपाचे आकडे फोनवर येणार होते. फोनला रेंज नाही. या कुरणात ती कधीच नव्हती, हे गाईंनाही ठाऊक आहे. पण पुरातत्त्व खात्याला नाही! जुना फलक गायब. 'किल्ली पुढच्या वळणावर, पिवळ्या दारी मागावी' — एवढंच होतं त्यावर. त्या एका ओळीवर शेचाळीस वर्षं जगभरची माणसं आत जाऊन आली.

भिजलेल्या दोघांना घेऊन पिवळं दार गाठलं. अट्रॅक्टा गेराटीबाईंनी उघडलं. एक्क्याऐंशी वर्षं, पाठ ताठ, हात पिठाचे.

"नेली गं त्यांनी किल्ली. सोमवारी आले नि नेली."

दारामागचा खिळा मोकळा. भिंतीवर किल्लीच्या आकाराचा फिकट डाग तेवढा उरलाय. तो बघून माझा जो काही तोल होता तो गेला. "मिसेस गेराटी, मी हे चालू देणार नाही!"

"राहू दे गं पोरी. माझ्यासाठी नको काही करूस."

नकार पहिला.

५ मे

इथे येऊन पंचवीस वर्षं झाली. संस्कृतात पहिली आले होते, पण इथलं आयरिश 'नको' शिकायला दोन वर्षं लागली. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मॅलकीच्या मावशीला चहा विचारला. 'नको' म्हणाली. मी केला नाही. ती गोष्ट परगण्यात अजून सांगतात. आता कळतं — पहिला नकार शिष्टाचाराचा, दुसरा संकोचाचा, तिसऱ्याचा अर्थ 'अर्धाच कप ओत'. तीनदा विचारल्याशिवाय इथे कोणाच्या पोटात चहा जात नाही, आणि कोणाच्या मनातलं बाहेर येत नाही.

म्हणजे बाईंना अजून दोनदा विचारायचं. शास्त्र ते शास्त्र.

८ मे

खात्याला फोन. सत्तावीस मिनिटं बासरी ऐकवली. मग एक तरुण, मधाळ आवाज. "बाई, आम्ही मनानं काही केलेलं नाही. आमच्याकडे रीतसर पत्र आलंय."

"कोणाचं?"

"ते गोपनीय असतं."

गोपनीय! किल्ली नेताना अख्ख्या गावासमोर नेली, आणि पत्र तेवढं गोपनीय! खोटं बोलतायत. किंवा खरं बोलत असतील, तर चुगलखोर गावातलाच आहे.

कोण असेल ते काय मला कळत नाही? पर्यटक कोणाचं फाटक उघडं टाकतात? कोणाच्या कालवडी रस्त्यावर येतात? फिंटनच्या.

१० मे

'क्लूनाराची खबरबात' छापून आली. एरवी पेपरातल्या या माझ्या सदरात बिंगो, बारशी आणि कोणाच्या मेंढीला तिळं झालं ते असतं. या वेळी रौद्र रस. नाव कोणाचंच घातलं नाही. फक्त 'ज्यांना आपल्या फाटकापुढे इतिहास दिसत नाही असे काही' एवढंच लिहिलं.

मॅलकीने वाचलं, घडी घातली. "बाईसाहेब, या 'काहीं'ना किती कालवडी आहेत तेही घालायचं होतं. ओळखायला सोपं गेलं असतं."

नवऱ्याने साक्षीदारासारखं बोलू नये.

१६ मे

अट्रॅक्टाबाईंकडे दुपार. त्यांना बोलतं केलं, पुढच्या सदरासाठी.

किल्ली सासूची. "ती गेली त्या आठवड्यात खिळ्यावर होती. पुढच्या आठवड्यातही होती. म्हणजे माझी झाली." कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. रोज कोणी ना कोणी यायचंच. एकदा नाताळच्या दिवशी पोर्तुगीज आले, अकरा जण. "टर्की भट्टीत होती गं."

धाकटी बहीण डीलिया एनिसक्रोनला राहते, समुद्रासमोर. चाळीस मैल. म्हटलं, जाता की नाही अधूनमधून?

"दार कोण उघडणार?"

काय ही निष्ठा! आमचं खातं शनिवारी-रविवारी फोनसुद्धा उचलत नाही. आणि ही बाई शेचाळीस वर्षं चाळीस मैलांवर गेली नाही! हे सगळं लिहायचंच.

निघताना पुन्हा म्हटलं — किल्ली परत आणतेच.

"नको गं. खरंच नको."

नकार दुसरा. बोळात एक तपकिरी बॅग होती, वर निळी टोपी. धर्मादाय दुकानाला द्यायची असणार. नेऊ का विचारलं तर बाई लाल झाल्या. "असू दे तिथेच."

२३ मे

किल्लीच्या अर्जावर दोनशे चौदा सह्या! चर्चच्या फाटकाशी उभी राहिले, रविवारी दोन्ही प्रार्थनांना. जे गेल्या तीस वर्षांत गढीकडे फिरकले नाहीत त्यांनी सर्वांत ठसठशीत सह्या केल्या.

फिंटन आला. कागद वाचला, पेन परत दिलं. "मला नाही जमायचं."

"का बरं?"

"कारण आहे."

"तेच तर विचारतेय, फिंटन."

"तू विचारत नाहीस. तू सांगतेस." टोपी घातली नि गेला.

निर्लज्ज!

३० मे

मॅलकी म्हणतो, गुरांच्या बाजारात फिंटनच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या. कोणी बोलत नाही त्याच्याशी. म्हटलं, चांगलं झालं. रात्री जेवताना मात्र बटाटा ताटात तसाच ठेवला. मॅलकीने माझं ताट उचलून आत नेलं.

२ जून

खातं नमलं! मधाळ आवाजवाल्याचा स्वतःहून फोन. कुलूप काढणार, जुना फलक परत, किल्ली परत. अट एकच — मिसेस गेराटींनी किल्लीदार म्हणून पाच वर्षांसाठी सही करायची. आमदारबाई खात्याला भेटल्या म्हणे. नाहीतरी निवडणूक जवळ आलीच आहे, स्मारकांवर प्रेम करायचा हंगाम.

"तुम्ही मिसेस गेराटींना विचारलंत ना?" शेवटी तो म्हणाला. जरा चमत्कारिकच.

"तरुण माणसा, मी त्यांना दोनदा विचारलंय."

मॅलकीने आज एक लिफाफा पुढे सरकवला. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी अॅरन बेटांच्या बोटीची तिकिटं, १७ जूनची. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माणसाने आधी काही ठरवलं. दोघांचीच सहल, सदर नाही, सह्या नाहीत. मी तीनदा नको म्हटलं नाही. एकदाही म्हटलं नाही.

१४ जून

समारंभ. गढीच्या दाराशी निम्मं क्लूनारा. हॅम सँडविचं, किटलीभर चहा, कोणाचा तरी अॅकॉर्डियन. पावसानेही दोन तास सुट्टी घेतली. वर कावळे तेवढे खात्याच्या बाजूने ओरडत होते.

अट्रॅक्टाबाई चांगला कोट घालून आल्या. खात्याच्या पोराने टेबलावर कागद ठेवला, शेजारी किल्ली — वीतभर लांब, काळी, लोखंडी. बाई कागदाकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून हळूच, "सही नको गं, पोरी."

तिसरा!

मी पेन त्यांच्या हातात दिलं. वर बोटंही मिटवून दिली. "करा. सगळे तुमच्यासाठी आलेत." टाळ्यांचा कडकडाट. बाईंनी सगळ्या चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवली. सही केली. डोळ्यांत पाणी. माझ्याही आलं. असा विजय आयुष्यात एखादाच.

फिंटन लांब, कुंपणापलीकडे उभा होता. मी मोठ्या मनाने हात केला. त्याने मान दुसरीकडे वळवली. हरणं पचवायलाही संस्कार लागतात!

१६ जून

सदर पाठवलं. मथळा: 'खिळा पुन्हा भरला'. स्वतःवर खूश आहे. बॅग भरली. मॅलकी शिट्टी वाजवतोय.

१७ जून, शनिवार

सकाळी दाराच्या मुठीला पावाच्या कागदात गुंडाळलेली किल्ली. कागदावर पेन्सिलीने:

'पोरी, तू तीनदा विचारलंस. मी तीनदा नको म्हटलं. चौथ्यांदा म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. खात्याला पत्र मीच लिहिलं होतं. फिंटनने फक्त टपालात टाकलं, आणि माझ्यासाठी तोंड बंद ठेवलं. त्याला सदरातून नको, त्याच्या दारी जाऊन भेट. आता तोच मला एनिसक्रोनला सोडतोय. डीलियाच्या खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे. माणसं उपाशी आली तर पाव दे. — अ. गे.'

खाली आणखी एक ओळ: 'जुन्या फलकावर कालच तुझं दार घालायला लावलंय. हिरवं ना?'

बोट साडेदहाची. मॅलकी गाडी काढून बसलाय.

दार वाजलं. कोणीतरी मोडक्या इंग्रजीत किल्ली विचारतंय.

मॅलकी गाडीतून ओरडला, "आता म्हण तीनदा नको!"